सनडायल ल्युपिन : घरबागेतील लागवड

सनडायल ल्युपिन (ल्युपिनस पेरेनिस) ही शेंगा धरणारी बहुवर्षायू वनस्पती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील असून, पाइन व ओकच्या विरळ रानांतील उन्हाच्या, रेताड जमिनीवर ती वाढते. तिची उंची ३० ते ६० सेंमी. असते, पाने पंजाच्या आकाराची, ७ ते ११ दलांची असतात आणि पहाटे दलांच्या मधोमध दवाचा टपोरा थेंब साचतो. वसंताच्या अखेरीस येणाऱ्या निळ्या-जांभळ्या मंजरीतील फुले तागाच्या फुलांसारखी पतंगरूप असतात. त्यांत मध नसतो, नुसता पराग असतो. अंगाने जड बंबलबी खालच्या जोडपाकळ्यांवर बसली की त्या दबतात आणि टोकाच्या छिद्रातून पराग तिच्या पोटाला लागतो.

ल्युपिन या नावाने विकले जाणारे बी अनेकदा पश्चिमेकडील ल्युपिनस पॉलिफायलसचे किंवा त्यापासून झालेल्या रसेल संकरांचे असते. ती झाडे दिसायला भरघोस, पण पूर्वेकडे परकीच. शिवाय मूळ जातीशी त्यांचा संकर होतो. म्हणून पाकिटावरचे शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय बी घेऊ नये. कार्नर ब्लू या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या केवळ ल्युपिनस पेरेनिसच खातात. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले होते, आणि १९९२ पासून ते अमेरिकेत संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. अळी पानाचा एकच पापुद्रा राखून बाकीचा भाग खरवडते, त्यामुळे पानावर तावदानासारखे पारदर्शक ठिपके उमटतात. जवळपास त्याची वसाहत नसेल, तर मात्र एवढ्याने ते बागेत येईल अशी आशा धरू नये.

बियांचे कवच कठीण असल्याने त्या सॅंडपेपरवर हलके घासून रात्रभर भिजवतात, किंवा शरद ऋतूत थेट वाफ्यात टोकतात. सोटमूळ खोल जाते, त्यामुळे वाढलेले रोप सहसा हलवू नये. मुळांवरील गाठींतील जिवाणू नत्र पुरवतात, तेव्हा खत लागत नाही. पाणी साचणारी चिकणमाती मात्र या झाडाला मानवत नाही.

बाग नीटनेटकी दिसावी अशी हौस असणाऱ्यांची खरी पंचाईत भर उन्हाळ्यात होते. केसाळ शेंगा काळ्या पडून तडकतात, बिया दूर उडवतात आणि झाड पिवळे पडून जमिनीत दडी मारते. ही मोकळी जागा लिटल ब्लूस्टेम गवत व नारिंगी फुलांचे बटरफ्लाय वीड भरून काढतात. वाफ्याभोवती कापलेल्या गवताची सरळ पट्टी राखली, तरी आतला रानवटपणा खुपत नाही. जेथे कार्नर ब्लू आहे, तेथे त्याच्या दुसऱ्या पिढीची अंडी वाळक्या काड्यांवर व पाचोळ्यात हिवाळा काढतात, त्यामुळे शरदातली साफसफाई या वाफ्यापुरती टाळावी.