दारूबंदी, मेथेनॉल आणि लिव्हरमधलं एक एन्झाइम

विषारी दारूने माणसं गेल्याची बातमी आली की लोक म्हणतात, हातभट्टीवर गाळताना काहीतरी चुकलं असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. गूळ किंवा धान्य आंबवलं तर मेथेनॉल, म्हणजे पिण्यासाठी नसलेलं विषारी अल्कोहोल, अगदीच नगण्य तयार होतं, जीव जाईल एवढं मेथेनॉल कारखान्यातल्या केमिकलमधून आलेलं असतं. 2015 ला मालाडच्या मालवणीत शंभराच्या वर माणसं गेली ती मेथेनॉलनेच.

अमेरिकेत 17 जानेवारी 1920 पासून देशभर दारूबंदी होती. पण कारखान्यांना अल्कोहोल लागायचंच, म्हणून ते कुणी पिऊ नये यासाठी त्यात मेथेनॉल मिसळायचे. चोरटी दारू विकणारे तेच पळवून, केमिस्ट ठेवून शुद्ध करायला लागले, तर सरकारने विषाचं प्रमाण आणखी वाढवलं, काही मिश्रणांत 10 टक्क्यांपर्यंत. मेथेनॉल 65 अंश सेल्सिअसला उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल, 78 ला, त्यामुळे वेगळं करणं सोपं वाटतं, पण वाफा एकत्रच येतात, साध्या भट्टीत ते पूर्ण निघत नाही. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासणी अधिकारी चार्ल्स नॉरिस उघड सांगत होते की यात गरीबच मरतायत. बंदी उठली 5 डिसेंबर 1933 ला.

आता खरी गंमत लिव्हरमध्ये आहे. मेथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही! अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम (शरीरात रासायनिक बदल घडवणारं प्रथिन) त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, त्याचं पुढे फॉर्मिक ॲसिड होतं (मुंगी चावल्यावर झोंबतं तेच), आणि हे ॲसिड पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे दुसरं एन्झाइम अडवतं, म्हणजे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरताच येत नाही. डोळ्याच्या नसेला ऊर्जा भरपूर लागते म्हणून आधी नजर जाते, पेशंट म्हणतो सगळीकडे बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतंय. अल्कोहोल डिहायड्रोजनेजला मेथेनॉलपेक्षा इथेनॉल कितीतरी जास्त आवडतं, म्हणून हॉस्पिटलमध्ये मोजून इथेनॉल किंवा फोमेपिझोल नावाचं औषध देतात, ते एन्झाइम अडकून पडतं आणि मेथेनॉल तसंच किडनीतून, श्वासातून बाहेर जातं, नाहीतर डायलिसिस करतात. हे डॉक्टरांनीच करायचं, घरी अजिबात नाही. लिंबू-ताकाने तर हे विष उतरतच नाही. 2020 मध्ये इराणमध्ये, जिथे दारूबंदीच आहे, दारूने कोरोना बरा होतो या अफवेपायी शेकडो लोक मेथेनॉल पिऊन मेले.

त्रास सुरू व्हायला बऱ्याचदा 12 ते 24 तास लागतात. उपचाराला सगळ्यात चांगला वेळ हाच, पण बंदी असली की माणूस पोलिसांच्या भीतीने घरीच पडून राहतो, आणि तेवढ्या वेळात ॲसिड तयार होत राहतं.