आफ्रिका खरंच मदतीवर जगते का?
‘अख्खी आफ्रिका पाश्चात्त्यांच्या मदतीवर जगते’, हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. मदतीचे आकडे पाहून तसं वाटणं साहजिक आहे. नायजेरिया घ्या: 2020 मध्ये साधारण 3.4 अब्ज डॉलर मदत. पण लोकसंख्या वीस कोटींवर, म्हणजे माणशी जेमतेम 16 डॉलर. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून कमी. परदेशातल्या नायजेरियनांनी त्याच वर्षी घरी पाठवलेले पैसे याच्या पाचपट होते!

दक्षिण सुदान, सोमालियात मदतीचा वाटा मोठा आहेच. देश मात्र 54 आहेत.

पडताळताना एकूण रकमेवर थांबू नका. एकच देश, एकच वर्ष घ्या. ‘राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के मदत’ ते शोधा. त्यात सवलतीची, फेडायची कर्जंही धरलेली असतात.