धर्मयुद्धांचे अर्थकारण

जेरुसलेम आणि भोवतालची पवित्र भूमी मुसलमान सत्तांकडून घेण्यासाठी, आणि घेतलेली राखण्यासाठी, पश्चिम युरोपातील ख्रिस्ती समाजाने १०९५ ते १२९१ या काळात ज्या मोहिमा काढल्या त्यांना धर्मयुद्धे किंवा क्रुसेड म्हणतात. याच दोन शतकांत युरोपची शेती सुधारली, शहरे पुन्हा भरू लागली, चांदीचे नाणे खेळू लागले आणि भूमध्य समुद्रावरच्या व्यापाराचा मोठा वाटा इटलीच्या बंदरांकडे आला. हा निव्वळ योगायोग नव्हता. गाठीला पैसा आला म्हणून एवढ्या लांबच्या मोहिमा निघू शकल्या, आणि मोहिमांच्या खर्चापायी कर्ज, कर व भागीदारीच्या नव्या रीती रुळल्या. मात्र सगळे लुटीच्या लोभाने निघाले, हे जुने स्पष्टीकरण आता टिकत नाही. बहुतेकांनी मोहिमेत कमावण्यापेक्षा गमावलेच. घरदार गहाण टाकून माणसे निघाली ती श्रद्धेपोटी. पण त्या श्रद्धेला जहाजे, दाणागोटा आणि घोडे पुरवताना जो हिशेब मांडावा लागला, त्याने काही वेळा मोहिमेची दिशाच बदलली.

पार्श्वभूमी

व्हायकिंग आणि मगयार टोळ्यांच्या धाडी ओसरल्यावर अकराव्या शतकात उत्तर युरोपातल्या शेतीने उचल खाल्ली. तिथल्या चिकट मातीत लोखंडी फाळाचा जड नांगर चालू लागला. घोड्याच्या गळ्याला फास न बसता भार खांद्यावर येईल असा पट्टा आला, त्यामुळे घोडा औताला जुंपता आला. जमिनीचे तीन भाग करून दरवर्षी एकच पडीक ठेवण्याची पद्धत पसरली, जंगले तोडून नवी गावे बसली. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने केलेल्या जमीन-पाहणीत सुमारे ६,००० पाणचक्क्यांची नोंद आहे. जात्यावर ज्यांचा जन्म गेला असता, अशा किती हातांना यामुळे दुसरे काम करता आले असेल!

लोकसंख्या वाढली, तशी शस्त्रधारी सरदारांची आपसातली मारामारीही वाढली. ९८९ साली फ्रान्समधील शारू येथील धर्मसभेने चर्चची मालमत्ता, निःशस्त्र धर्मगुरू आणि शेतकऱ्यांची गुरे यांवर हात टाकणाऱ्यांना धर्मबहिष्काराचा धाक घातला. पुढे आठवड्यातले काही वार लढाईला वर्ज्य ठरले. हीच लढाऊ ताकद पोप दुसरा अर्बन याने पूर्वेकडे वळवली. तुर्कांनी जेरीस आणलेल्या बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन, सम्राटाने मदत मागितली होती. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी क्लेरमाँ येथे अर्बनने आवाहन केले आणि केवळ भक्तीने जेरुसलेमला जाणाऱ्याचा तो प्रवासच सर्व पापांचे प्रायश्चित्त मानला जाईल असे जाहीर झाले. १५ जुलै १०९९ रोजी शहर पडले आणि आत मुसलमान व ज्यू रहिवाशांची भीषण कत्तल झाली.

गहाणखते

सरदाराला स्वतःचा, नोकरांचा आणि घोड्यांचा खर्च स्वतःच करावा लागे. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने १०९६ साली सारा प्रांत आपला भाऊ, इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम, याच्याकडे १०,००० मार्क (मार्क हे चांदीचे वजन) चांदीला गहाण टाकला. विल्यमने ती रक्कम इंग्लंडच्या रयतेवर कर बसवून उभी केली. लहान जहागीरदारांचे सावकार म्हणजे मठ. क्लुनीच्या मठाच्या दफ्तरात माँमेर्ल गावच्या आशार नावाच्या सरदाराचे १०९६ चे गहाणखत आहे. त्याने वडिलोपार्जित जमीन मठाला दिली आणि बदल्यात ल्याँच्या चलनातले २,००० सॉलिडस व चार खेचरे घेतली. आपण वाटेत मेलो किंवा तिकडेच राहिलो तर जमीन कायमची मठाची, अशी अट त्याने स्वतः मान्य केली. जून १०९९ मध्ये, जेरुसलेम पडायला काही आठवडे उरले असताना, तो याफाजवळच्या चकमकीत मारला गेला. पहिल्या धर्मयुद्धाचे अर्थकारण समजून घ्यायला या चार खेचरांइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

याच पैशाच्या ओढाताणीची सर्वांत काळी बाजू ज्यू समाजाने भोगली. १०९६ साली ऱ्हाईनकाठच्या स्पायर, वर्म्स आणि माइन्झ येथे जमावांनी ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. वर्म्स व माइन्झमध्ये वस्त्याच्या वस्त्या संपल्या. तिसऱ्या धर्मयुद्धाच्या तयारीच्या काळात, मार्च ११९० मध्ये, इंग्लंडच्या यॉर्क शहरात ज्यूंचा संहार झाला आणि त्यानंतर दंगलखोरांनी मुख्य चर्चमध्ये ठेवलेली कर्जाची कागदपत्रे बाहेर काढून जाळली. पुढाऱ्यांपैकी काही जण त्याच ज्यू सावकारांचे ऋणको होते. धर्माच्या नावाने सुरू झालेला हिंसाचार कर्जखात्याच्या पानापाशी येऊन थांबला, ही नोंद वाचताना आजही अंगावर काटा येतो.

बंदरे, जकात आणि नाणी

व्हेनिस, जिनोआ आणि पिसा ही बंदरे धर्मयुद्धांमुळे जन्माला आली नाहीत; ती आधीच वर येत होती. व्हेनिसला बायझंटाइन सम्राटाकडून अकराव्या शतकाच्या अखेरीस जकातमाफी मिळाली होती, तर जिनोआ व पिसाच्या आरमारांनी १०८७ मध्ये उत्तर आफ्रिकेतले महदिया लुटले होते. धर्मयुद्धांनी त्यांना पूर्व किनाऱ्यावर हक्काची जागा दिली. ११२४ साली टायर बंदर घेण्यात मदत केल्याबद्दल व्हेनिसला त्या शहराचा एक-तृतीयांश भाग मिळाला, आणि तिथे व्हेनिसकरांची वस्ती, बाजार व न्यायनिवाडा त्यांचा त्यांनी चालवला. भांडवल उभे राही ते फेरीपुरत्या भागीदारीतून. घरी बसलेला पैसे घाली, दुसरा माल घेऊन समुद्रावर जाई. सर्वसाधारणपणे नफ्याचे तीन हिस्से पहिल्याला आणि एक प्रवास करणाऱ्याला मिळे.

आंदालुसियाचा मुसलमान प्रवासी इब्न जुबैर ११८४ साली दमास्कसहून ख्रिस्त्यांच्या ताब्यातल्या अक्को बंदरात आला. इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन त्या वेळी ख्रिस्त्यांच्या केरक किल्ल्याला वेढा घालून बसला होता, तरी व्यापाऱ्यांचे तांडे दोन्ही बाजूंनी बिनधोक ये-जा करत होते, याचे त्याला नवल वाटले. अक्कोच्या जकात नाक्यावरचे कारकून ख्रिस्ती होते, पण लिहीत-बोलत अरबीत. त्यांच्यासमोर सोन्याने मढवलेल्या आबनुसी दौती होत्या. नाण्यांचेही तसेच. धर्मयुद्धींनी पूर्व किनाऱ्यावर वसवलेल्या राज्यांत मुसलमानी दिनारांची नक्कल पाडली जाई, तीवर अरबी धर्मवचने असत. पोपच्या दूताने तक्रार केल्यावर १२५१ पासून अक्कोच्या नाण्यांवर क्रूस आला आणि मजकूर ख्रिस्ती झाला, पण लिपी व भाषा अरबीच राहिली. बाजारात तेच नाणे चाले.

कर आणि टेम्पलर

११८७ मध्ये सलाहुद्दीनने जेरुसलेम परत घेतले. त्यानंतर ११८८ साली इंग्लंड आणि फ्रान्समध्ये उत्पन्न व जंगम मालमत्तेवर दशांश कर बसला. लोक त्याला सलाहुद्दीनच्याच नावाने ओळखत. जो स्वतः मोहिमेवर निघेल त्याला करमाफी. पोप तिसरा इनोसंट याने ११९९ मध्ये धर्मगुरूंच्या उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा मागितला. उत्पन्न मोजून त्यावर कर घेण्याची सवय राज्यकर्त्यांना लागली ती इथून. यात्रेकरूंच्या रक्षणासाठी १११९ च्या सुमारास स्थापन झालेला टेम्पलर हा योद्धा-संन्याशांचा संघ पैशाची ने-आणही करू लागला. एका ठाण्यात रक्कम भरून दुसरीकडे उचलायची, ही त्यांची सोय आपल्या हुंडीशी जुळणारी होती. पॅरिसच्या त्यांच्या मठात फ्रान्सच्या राजाचा खजिना असे.

चौथे धर्मयुद्ध : एका कराराची कथा

युद्ध आणि हिशेब यांची सर्वांत घट्ट गाठ पडली ती १२०१ ते १२०४ मध्ये. मोहिमेत सामील झालेल्या फ्रेंच सरदारांचे सहा दूत, त्यांत पुढे या मोहिमेचा वृत्तान्त लिहिणारा व्हिलार्दुअँ, जहाजे ठरवायला व्हेनिसला आले. व्हेनिसचा प्रमुख, डोज एन्रिको दांदोलो, वृद्ध आणि अंध होता. ठरले ते असे : ४,५०० सरदार, ९,००० शिलेदार-सेवक, २०,००० पायदळ आणि ४,५०० घोडे. माणशी २ मार्क, घोड्याला ४ मार्क. म्हणजे माणसांचे ६७,००० आणि घोड्यांचे १८,०००, एकूण ८५,००० मार्क चांदी, चार हप्त्यांत. शिवाय व्हेनिस स्वतःच्या खर्चाने ५० युद्धनौका देणार आणि जिंकलेल्यातला अर्धा वाटा घेणार.

चूक माणसांच्या अंदाजात झाली. करार दूतांच्या धन्यांनी केला होता. इतर सरदारांवर व्हेनिसहूनच निघण्याचे बंधन नव्हते, आणि कित्येक जण दुसऱ्या बंदरांतून गेले. १२०२ च्या उन्हाळ्यात व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर ठरलेल्या संख्येच्या जेमतेम एक-तृतीयांश माणसे जमली. व्हेनिसने मात्र व्यापार बाजूला ठेवून सगळे आरमार बांधून तयार ठेवले होते. सरदारांनी आपली सोन्याचांदीची भांडी डोजच्या वाड्यावर पोहोचवली, कर्जे काढली, तरी ३४,००० मार्क कमी पडले.

दांदोलोने वसुली पुढे ढकलली, पण अट घातली : आधी झारा (आजचे क्रोएशियातील झादार) घेऊन द्या. हे शहर हंगेरीच्या राजाच्या छत्राखाली होते आणि त्या राजाने स्वतः धर्मयुद्धाची शपथ घेतलेली होती. पोपने स्पष्ट मनाई केली. नगरवासीयांनी तटावर क्रूस टांगले. तरीही नोव्हेंबर १२०२ मध्ये शहर पडले, आणि इनोसंटने साऱ्या मोहिमेलाच धर्मबहिष्कृत केले.

कर्ज तरी उरलेच. तेव्हा गादीवरून हटवलेल्या बायझंटाइन सम्राटाचा मुलगा ॲलेक्सियस मदतीची याचना घेऊन आला : मला कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसवा, २,००,००० मार्क देतो. १२०३ मध्ये तो गादीवर बसला. रक्कम जमवायला त्याने चर्चमधली सोन्याचांदीची पात्रे वितळवली, तरी निम्म्याच्या पुढे मजल गेली नाही. त्याच्याच माणसांनी त्याला मारले आणि एप्रिल १२०४ मध्ये धर्मयुद्धींनी पूर्वेकडील ख्रिस्ती जगाची राजधानी लुटली. हेराक्लीसचा प्राचीन कांस्य पुतळा नाणी पाडण्यासाठी वितळवला गेला. कांस्याचे चार घोडे व्हेनिसच्या संत मार्कच्या चर्चवर गेले. शहराचे तीन-अष्टमांश व्हेनिसच्या वाट्याला आले. ही मोहीम मुळात इजिप्तवर जायची होती.

व्हेनिसने हे सगळे आधीच योजले होते, असा आरोप शतकानुशतके होत आला. पुरावा तसे सांगत नाही. फुगवलेला अंदाज, वेळेवर न भागलेले कर्ज आणि त्या कर्जाने दर टप्प्यावर कमी केलेले पर्याय, एवढ्याने ही घटना पुरेशी उलगडते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसलेले नवे लॅटिन (पश्चिम युरोपीय) सम्राटही कंगालच राहिले. त्यांच्या खजिन्यातला सर्वांत पूज्य अवशेष, येशूचा काटेरी मुकुट, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे १३,१३४ सुवर्णनाण्यांना गहाण पडला. फ्रान्सच्या नवव्या लुईने तो सोडवून १२३९ मध्ये पॅरिसला नेला.

अक्कोनंतर

१८ मे १२९१ रोजी अक्को इजिप्तच्या मामलुक सुलतानांनी घेतले. व्यापार थांबला नाही. सायप्रसचे फामागुस्ता आणि इजिप्तचे अलेक्झांड्रिया यांतून मलबारची मिरी युरोपला जातच राहिली. लोखंड व जहाजाचे लाकूड मुसलमानांना विकू नये, अशी चर्चची आज्ञा ११७९ पासून होती आणि ती वारंवार काढावी लागली. टेम्पलर संघ १३१२ मध्ये बरखास्त झाला. पोर्तुगालमधील त्याची मालमत्ता १३१९ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्त-संघाकडे गेली, आणि त्या संघाचा तांबडा क्रूस पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर चढला. तुर्कांविरुद्ध ठरवलेल्या, पण कधीच न निघालेल्या एका धर्मयुद्धासाठी पोर्तुगालने १४५७ मध्ये 'क्रुझादो' हे सोन्याचे नाणे पाडले. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या व्यापारी हिशेबांतही हे नाणे होते.