मायटोकॉन्ड्रिया पेशीत आला कुठून?

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस एवढं सगळ्यांचं पाठ असतं, पण तो तिथे आला कसा हे फारसं कोणी सांगत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे. 1883 मध्ये शिम्पर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हरितलवकं (वनस्पतीच्या पेशीत सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे भाग) पेशीत नव्याने बनत नाहीत, आधीच्याच लवकाचे दोन होतात, अगदी स्वतंत्र जीवासारखे. मग 1905 ला रशियाच्या मेरेश्कोव्स्कीने सरळच सांगून टाकलं की ही लवकं म्हणजे एकेकाळचे मोकळे निळे-हिरवे जीव, पेशीत शिरले ते तिथलेच झाले. 1920 च्या दशकात अमेरिकेत वॉलिनने मायटोकॉन्ड्रियाबद्दलही तेच म्हटलं, पण ते पेशीबाहेर वाढवून दाखवले असाही दावा केला जो कोणाला पटला नाही, आणि त्याच्याबरोबर अख्खी कल्पनाच अडगळीत गेली.

गाडी हलली ती 1962-63 मध्ये, आधी हरितलवकात आणि मग मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा डीएनए सापडला तेव्हा. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिस या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाईने हे सगळं एकत्र बांधून पेपर छापला, तोही पंधराएक जर्नल्सनी परत पाठवल्यावर! (पेशीची शेपटीसुद्धा बॅक्टेरियापासूनच आली असं ती म्हणायची, ते मात्र आजही कोणी मानत नाही.) पुढे यांच्या आणि बॅक्टेरियाच्या आरएनएची तुलना झाली आणि विषयच संपला, हरितलवकं सायनोबॅक्टेरियाची (म्हणजे त्याच निळ्या-हिरव्या जीवांची) नातलग निघाली आणि मायटोकॉन्ड्रिया अल्फा-प्रोटिओबॅक्टेरिया या बॅक्टेरियांच्या दुसऱ्या गटाचे. बॅक्टेरियाच्या रायबोसोमवर (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर) मारा करणारी काही अँटिबायोटिक्स मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमलाही त्रास देतात ते यामुळेच.

माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात आता 37 च जीन्स उरलेत, बाकीचे काही हरवले, बरेच केंद्रकात गेले, त्यामुळे बाहेर काढला तर तो जगणारच नाही, म्हणजे वॉलिनचा प्रयोग जमण्यासारखा नव्हताच मुळी.

बरं, म्हणून सगळीच अंगकं (पेशीतले छोटे अवयव) बाहेरून आली असं नाही हां. प्रोटीन बनवणारं-वाहून नेणारं ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम), त्याचं पॅकिंग करणारं गॉल्गी, कचरा पचवणारे लायसोसोम (हे द दूव्हने 1955 ला शोधले), यांना स्वतःचा डीएनए नाही, ती पेशीच्याच पडद्यांपासून घडली असं मानतात.

आणि हे प्रकरण जुनं झालं असंही नाही, 2024 मध्ये एका समुद्री शैवालात हवेतला नायट्रोजन वापरात आणणारा बॅक्टेरिया अंगक बनल्याचं जाहीर झालं, नाव ठेवलंय नायट्रोप्लास्ट.