फ्लॉवर बेड गेला, काच आली: मुंबईतल्या लक्झरी फ्लॅटची पार्श्वभूमी

लोअर परळ-वरळीकडचे टॉवर बघून आलेले लोक एकच तक्रार करतात, एवढे कोटी मोजायचे आणि टॉवेल वाळत घालायला जागा नाही. हे सगळं श्रीमंतांच्या हौसेमुळे झालं असं म्हणणं सोपं आहे, पण या घरांचा आकार बऱ्याच अंशी एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल त्या प्रमाणाच्या, हिशोबाने ठरलाय.

मरीन ड्राइव्हच्या 1930-40 च्या इमारती पण तेव्हाच्या पैसेवाल्यांसाठीच होत्या की, पण बाल्कनी, खिडक्यांवर छज्जे, आरपार वारा, म्हणजे इथलं ऊन-पाऊस धरून बांधलेल्या. 1964 ला शहरात एफएसआय आला, 1991 च्या बांधकाम नियमावलीत शहरासाठी 1.33 आणि उपनगरात 1. मग 2001 मध्ये गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलला, 2006 ला कोर्टात त्यावर शिक्का बसला आणि चिमण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे.

खरी गंमत होती एफएसआयमध्ये काय धरायचं नाही, त्यात. बाल्कनी, फ्लॉवर बेड (खिडकीबाहेर झाडांसाठी थोडा खाली सोडलेला स्लॅब), निश म्हणजे कोनाडा, डक्ट म्हणजे पाइपांची उभी जागा, व्हॉइड म्हणजे स्लॅबशिवाय मोकळी सोडलेली जागा, अशा गोष्टी सवलतीत मोजणीबाहेर राहायच्या, आणि जे मोजणीबाहेर ते बिल्डर भरभरून देणार हे उघडच आहे. म्हणून त्या काळातल्या प्लॅनमध्ये हॉलच्या बाहेर फ्लॉवर बेड, बेडरूमच्या बाहेर फ्लॉवर बेड, एवढी झाडं कोण लावणार होतं देव जाणे. कोणी लावली पण नाहीत. पझेशन मिळालं की खिडकीखालची भिंत पाडायची, खाली सोडलेला स्लॅब भरणी करून हॉलच्या लेव्हलला आणायचा, बाहेरच्या कडेला सरकती खिडकी लावायची, झाला हॉल मोठा. जोड नीट भरला नसेल तर पहिल्याच पावसात खालच्याच्या सीलिंगला ओल. आणि गिऱ्हाइकाकडून त्या जागेचे पैसे सुपर बिल्टअपमध्ये (जिना-लॉबीसकट सगळं धरून सांगितलेल्या क्षेत्रफळात) आधीच घेतलेले असायचे, म्हणजे नियमात फुकट आणि विक्रीत पूर्ण भावाने.

जानेवारी 2012 मध्ये हे बंद केलं. बाल्कनी, फ्लॉवर बेड, व्हॉइड सगळं एफएसआयमध्ये मोजायचं, आणि त्या बदल्यात प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून घरांसाठी 35 टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे खोली, बाल्कनी कशातही वापरता येणारा वाढीव एफएसआय. अधिकाऱ्यांच्या मर्जीवर चालणारी सवलत संपली हे चांगलंच झालं, बिल्डर ओरडले ते ओरडणारच होते. पण या निर्णयाची दुसरी बाजू कोणी फारशी बोलत नाही. बाल्कनी आणि खोली एकाच भावात पडायला लागल्यावर बाल्कनी कोण देणार? बऱ्याच प्लॅनमधून ती गेली, भिंतीच्या कडेपर्यंत खोली आली आणि समोर वरपासून खालपर्यंत काच. चोरी थांबवताना सावली पण गेली, आणि माझ्या मते बाल्कनीला वेगळं काढून थोडी सूट ठेवता आली असती.

त्या काचेचं रोजचं गणित बघा. पश्चिमेला समुद्र म्हणून जास्त भाव, आणि दुपारी तीननंतर तिकडूनच ऊन आत, मग ब्लाइंड पाडून एसी, म्हणजे ज्या व्ह्यूचे पैसे दिले तो संध्याकाळपर्यंत पडद्यामागे. उघडणारा भाग छोटासा, त्यात ओपन किचन, बोंबील तळले की सोफ्याला वास. काच बाहेरून पुसायची तर सोसायटीने झुला लावून माणूस पाठवेपर्यंत थांबा.

2017 ला रेरा कायदा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा) आल्यापासून विक्री त्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर होते, त्यात बाल्कनी धरत नाहीत, ती वेगळी दाखवतात. 2018 च्या नवीन नियमावलीनंतर फंजिबल राहिलाच. आता महागड्या प्रोजेक्टमध्ये बाल्कनी परत आलीये, नाव मात्र डेक. चाळीसाव्या मजल्यावर पावसाळ्यात तिथे खुर्ची टिकत नाही, खारट वाऱ्याने रेलिंगला गंज धरतो, आणि कपडे वाळत घालायचे म्हणाल तर इमारतीचा लूक बिघडतो म्हणून बऱ्याच सोसायट्यांत त्याला पण मनाई.