रिन्यूअलच्या पत्रातली ‘ड्रायव्हर २’ची ओळ

गाडीचा विमा संपायला तीनेक आठवडे उरले की पत्र येतं. वर नव्या प्रीमियमचा आकडा, त्याशेजारी गेल्या वर्षीचा आकडा (तो छापणं ब्रिटनमध्ये 2017पासून बंधनकारक आहे), आणि मागच्या पानावर माहितीचा तक्ता. ड्रायव्हर १ म्हणजे मी, ड्रायव्हर २ म्हणजे माझा नवरा. यंदाच्या पत्रात त्याच्या नावापुढे ‘गेल्या पाच वर्षांतले अपघात, क्लेम किंवा नुकसान’ या रकान्यात ‘नाही’ असं छापलेलं होतं. पण सप्टेंबरात ऑफिसची गाडी पार्किंगमधून मागे घेताना त्याच्या हातून शेजारच्या गाडीचं दार चेपलं होतं. ऑफिसच्या विमा कंपनीने ते निस्तरलं आणि आम्ही विसरून गेलो.

“गाडी ऑफिसची, विमा ऑफिसचा. आपल्या पॉलिसीचा काय संबंध?” तो म्हणाला.

हा प्रश्न इथल्या मराठी घरांमध्ये हमखास निघतो आणि त्याला कारण आहे. आपण भारतात जो विमा पाहत मोठे झालो तो गाडीचा असतो. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत ड्रायव्हरबद्दलचं कलम एवढंच सांगतं, की मालक धरून कोणीही चालवू शकतो, फक्त त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. पुण्याहून भाचा गाडी घेऊन कोल्हापूरला गेला तरी चालतं. रिन्यू करताना खरा प्रश्न एकच, गेल्या वर्षी क्लेम घेतलात का? नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, वीस टक्क्यांवरून चढत चढत पन्नासपर्यंत जातो. भाच्याने दुसऱ्या कुणाची गाडी कुठे ठोकली, हे कोणी विचारत नाही.

ब्रिटनमध्ये दुसऱ्याच्या इजेपुरता किंवा मृत्यूपुरता विमा सक्तीचा झाला तो 1930च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने, 1931च्या सुरुवातीपासून. आज इथली नेहमीची पॉलिसी गाडीइतकीच तिच्या स्टिअरिंगमागच्या माणसांवर बेतलेली असते. सर्टिफिकेटवर कोण चालवू शकतो ते लिहिलेलं असतं, आणि मुख्य चालकाखेरीज जी नावं असतात त्यांना नेम्ड ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येकाचं वय, नोकरी, लायसन्सची वर्षं, दंड आणि अपघात मिळून प्रीमियम ठरतो. म्हणून नवऱ्याने दुसऱ्याच गाडीने केलेला अपघात माझ्या नो क्लेम बोनसला हात लावत नाही, पण माझ्या प्रीमियमच्या हिशेबात येतो. चूक कोणाची होती, क्लेम झाला की नाही, यानेही सहसा फरक पडत नाही, कारण प्रश्नच ‘अपघात झाला का’ असा असतो.

आता हे सांगायचं कर्तव्य आलं कुठून? त्याचं मूळ सुमात्रा बेटावर आहे.

बेंकूलेनला ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथले गव्हर्नर कार्टर यांनी लंडनमधल्या आपल्या भावामार्फत एक विमा उतरवला, परकीय शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी असा. मे 1760मध्ये लंडनला पॉलिसी झाली. किल्ला एप्रिलमध्येच फ्रेंचांच्या हाती पडला होता आणि ती बातमी अजून समुद्रावर होती. विम्याची जोखीम अंगावर घेणाऱ्या बोम यांनी पैसे द्यायला नकार दिला. किल्ला कमकुवत आहे, फ्रेंच हल्ला करतील अशी भीती गव्हर्नरांना आधीपासून वाटत होती, आणि हे आम्हाला सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. 1766मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल देताना जे तत्त्व मांडलं त्यावर विम्याचा कायदा उभा राहिला. जोखमीचा अंदाज ज्या गोष्टींवरून बांधायचा त्या बहुतेक वेळा विमा उतरवणाऱ्यालाच ठाऊक असतात, समोरचा त्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून त्याने त्या दडवू नयेत.

मला या खटल्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो गव्हर्नर जिंकला. मॅन्सफिल्ड यांचं म्हणणं होतं, की युद्ध चालू आहे आणि फ्रेंच काय करू शकतात हे लंडनमध्ये बसलेल्या विमाकर्त्याला कळायला हवं होतं, निदान त्याने विचारायला हवं होतं. मुळातलं तत्त्व दोन्ही बाजूंना बांधणारं होतं. पुढच्या दीडशे वर्षांत ते एका बाजूला कलत गेलं.

1906च्या मरीन इन्शुरन्स ॲक्टने ते पक्कं केलं. कायदा जहाजांच्या विम्याचा, पण न्यायालयांनी त्यातली कलमं घराच्या, दागिन्यांच्या, मोटारीच्याही विम्याला लावली. (भारताचा 1963चा सागरी विमा कायदा बराचसा याच साच्यातला आहे.) एखाद्या सुज्ञ विमाकर्त्याच्या निर्णयावर परिणाम करील अशी प्रत्येक गोष्ट सांगायची, मग कोणी विचारो अथवा न विचारो. सांगितली नाही तर विमाकर्ता करार सुरुवातीपासूनच रद्द करू शकतो. जहाजाचा मालक आणि लंडनचा व्यापारी यांच्यात हे ठीक होतं. दोघंही धंद्यात मुरलेले. घरात बसून पॉलिसी घेणाऱ्या बाईने सुज्ञ विमाकर्त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कसं ओळखायचं?

हा प्रश्न 1975मध्ये अपील न्यायालयापुढे आला, आणि नेम्ड ड्रायव्हरच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं भावंड मला याच खटल्यात दिसतं. लॅम्बर्ट विरुद्ध को-ऑपरेटिव्ह इन्शुरन्स सोसायटी. 1963मध्ये लॅम्बर्ट नावाच्या बाईने आपल्या आणि नवऱ्याच्या दागिन्यांचा विमा उतरवला. शिक्षा वगैरे झाली आहे का, असं कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पॉलिसी वर्षानुवर्षं रिन्यू होत राहिली. डिसेंबर 1971मध्ये नवऱ्याला चोरीच्या प्रकरणात पंधरा महिन्यांची कैद झाली. 1972च्या वसंतात तिने नेहमीसारखी पॉलिसी रिन्यू केली आणि लगेच पुढे 311 पौंडांचे दागिने गेले. कंपनीने क्लेम नाकारला, न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. कारण कायद्याच्या दृष्टीने दर रिन्यूअल हा नवा करार, म्हणजे सांगण्याचं कर्तव्य दर वर्षी पुन्हा सुरू होतं. आणि पॉलिसी बायकोची असली तरी नवऱ्याची शिक्षा जोखमीत धरली गेली.

न्यायमूर्ती मकेना यांना हा निकाल देताना समाधान वाटलं नव्हतं. ही बाई काही विमा कंपनीत कामाला नव्हती, दागिन्यांची पॉलिसी रिन्यू करताना नवऱ्याची ती दुःखद गोष्ट सांगायला हवी असं तिच्या मनात येणं अवघड होतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. मुद्दा जिंकल्यावर कंपनीने तिला पैसे दिले तर ते सभ्यपणाचं होईल, असंही सुचवलं. कायदा बदलणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं.

बदलायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. 1977मध्ये अन्यायकारक करारांविरुद्धचा कायदा झाला तेव्हा विमा उद्योगाने त्यातून सूट मिळवली आणि बदल्यात स्वतःहून आचारसंहिता मान्य केली, की महत्त्वाच्या गोष्टींबद्दल स्पष्ट प्रश्न विचारू आणि रिन्यूअलच्या पत्रात माहिती देण्याच्या कर्तव्याची ताकीद छापू. आपल्या पत्रातली ती ठळक चौकट तिथली. 1980मध्ये लॉ कमिशनने, म्हणजे तिथल्या विधी आयोगाने, सुधारणा सुचवल्या, त्या तशाच पडून राहिल्या. 1981पासून विम्याच्या तक्रारींसाठी लोकपाल आले आणि कायद्याचं अक्षर एकीकडे, तक्रारींचा निवाडा दुसरीकडे, असं चालू राहिलं. लोकपाल विचारायचे, प्रश्न स्पष्ट होता का, माणसाने मुद्दाम लपवलं का. शेवटी लॉ कमिशनच्या 2009च्या अहवालानंतर 2012चा ग्राहक विमा कायदा आला आणि 6 एप्रिल 2013पासून लागू झाला.

या कायद्याने मॅन्सफिल्ड यांचा काटा पुन्हा मध्यावर आणला, असं मी मानते. घरगुती ग्राहकाने न विचारलेलं आपणहून सांगायचं जुनं कर्तव्य गेलं. त्याच्या जागी आलं एकच: चुकीची माहिती जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्या. प्रश्न विचारणं कंपनीचं काम, आणि प्रश्न धूसर असेल तर तेही ग्राहकाच्या बाजूने मोजलं जातं. पण याच कायद्यात रिन्यूअलसाठी एक छोटं वाक्य आहे, आणि पत्राच्या मागचा तक्ता त्या वाक्यावर उभा आहे. आधी दिलेली माहिती बरोबर आहे का ते सांगा किंवा दुरुस्त करा, असं कंपनीने विचारलं आणि ग्राहक गप्प राहिला, तर ते गप्प राहणंही चुकीची माहिती दिल्यात जमा होऊ शकतं. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून बँकेतून पैसे आपोआप जाऊ दिले, तर ‘ड्रायव्हर २: नाही’ हे आपलंच उत्तर ठरू शकतं.

चूक झाली तर काय, हेही आता सरसकट राहिलेलं नाही. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटं सांगितलं, तर कंपनी पॉलिसी रद्दबातल करू शकते, क्लेम नाकारू शकते, बहुधा प्रीमियमही ठेवून घेते. निष्काळजीपणा असेल तर कंपनीने खरं कळल्यावर काय केलं असतं ते पाहतात. समजा प्रीमियम 600 पौंड घेतला, अपघात कळला असता तर 800 घेतला असता. मग क्लेमचे पंचाहत्तर टक्के मिळतात. चार हजारांच्या दुरुस्तीत हजार पौंड खिशातून. आणि अपघात कळूनही प्रीमियम तोच राहिला असता, तर क्लेमला धक्का लागत नाही. मुलाने आईपासून अपघात लपवला, आईने रिन्यूअलच्या वेळी त्याला विचारलं होतं आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर तिने वाजवी काळजी घेतली असं म्हणायला जागा असते. म्हणून विचारायचं, जेवणाच्या टेबलावर, पत्र समोर ठेवून.

रस्त्यावर ज्याला लागलं त्याचं काय, हा वेगळा धागा. सक्तीचा विमा त्याच्यासाठीच होता. पूर्वी चुकीची माहिती दिली या कारणाने अपघातानंतरही कोर्टातून पॉलिसी रद्द करून घेऊन कंपनीला अंग काढून घेता यायचं. 1 नोव्हेंबर 2019पासून ती वाट बंद झाली. जखमीला भरपाई मिळतेच, पुढचा हिशेब कंपनी आणि पॉलिसीधारक यांच्यात. रद्द झालेली पॉलिसी मात्र पाठ सोडत नाही. ‘कधी तुमची पॉलिसी रद्दबातल झाली आहे का?’ हा प्रश्न पुढच्या प्रत्येक अर्जात येतो आणि प्रीमियम कुठल्या कुठे जातो.

शिवाय लपवून लपत नाही. 1994पासून विमा कंपन्यांची क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंज नावाची सामायिक नोंदवही आहे. क्लेम न करता केवळ कळवलेला अपघातही तिथे उतरतो. नवऱ्याच्या ऑफिसच्या कंपनीने दाराची नोंद केली असणार, हे मला ते पत्र हातात असताना सुचलं.

मी फोन केला. पलीकडच्या मुलीने तारीख विचारली, गाडी कोणाची, कोणाला लागलं का, अंदाजे किती खर्च आला. नवरा शेजारी बसून कॅलेंडरमध्ये तारीख शोधत होता. ती सापडेपर्यंत मुलगी शांतपणे थांबली. प्रीमियम सव्वीस पौंडांनी वाढला. चार दिवसांनी नवं पत्र आलं, ‘ड्रायव्हर २’समोर महिना आणि वर्ष छापलेलं. ते त्याने स्वतः वाचलं आणि गाडीच्या फाइलीत लावलं.