जर्मनीत एमएस: अर्ज नेमका अडतो कुठे?

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते, हे आता कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय. याला अपवाद आहेत, ते मात्र उशिरा कळतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. पण माझ्याकडे रडवेली होऊन येणारी मुलं फीमुळे अडलेली नसतात. त्यांचे गुणही बरे असतात. अडतात ती कागदांवर, आणि त्यातले निम्मे कागद आपल्याच विद्यापीठातून यायचे असतात.

पहिला कागद एपीएस प्रमाणपत्राचा. तुमच्या पदव्या खऱ्या आहेत, अशी ती खात्री. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचं एपीएस कार्यालय ते देतं, फी १८,००० रुपये. १ नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. पीएचडीवाल्यांना यातून सूट आहे. मुलांचा समज असा की अॅडमिशन मिळाली की एपीएसचं बघू. अनेक विद्यापीठं ते प्रवेश अर्जासोबतच मागतात, त्यामुळे तोवर खेळ संपलेला असतो. शेवटच्या वर्षाला असाल तर पदवीची वाट बघत बसू नका, तोपर्यंतच्या मार्कशीटवर अर्ज करता येतो. पदवी झाली असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी आजच परीक्षा विभागाची खिडकी गाठा. 'सोमवारी या, सही करणारे साहेब रजेवर आहेत' हे तिथे ऐकावं लागणार, हे धरूनच तारखा आखा.

दुसरी अडचण खास आपली आहे. नावाची. मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, 'स्नेहा राजेंद्र' दुसऱ्या रकान्यात आणि आईचं नाव भलत्याच पानावर. अर्ज कायम पासपोर्टप्रमाणे भरायचा, मार्कशीटप्रमाणे नाही. स्पेलिंगमध्ये फरक असेल, लग्नानंतर नाव बदललं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. राजपत्रात नावबदल झाला असेल तर तेही जोडा.

आता गुण. जर्मनीत १ सर्वात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण तिकडे बदलताना तीन आकडे लागतात: कमाल गुण, पास व्हायला लागणारे किमान गुण आणि तुम्हाला मिळालेले. समजा सीजीपीए ७.६ आहे, कमाल १० आणि पासिंग ४. उत्तर येतं २.२. हाच सीजीपीए तुमच्या विद्यापीठाच्या सूत्राने ६७ टक्के होत असेल आणि तुम्ही टक्के भरलेत, पासिंग ४० धरून, तर उत्तर येतं २.६५. प्रवेशाची मर्यादा २.५ असेल तर तुम्ही बाहेर! म्हणून मार्कशीटवर मूळ जे छापलंय तेच भरा, आणि किमान पासिंग किती हे मार्कशीटच्या मागे छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून लेटरहेडवर लिहून घ्या. हे पत्र मागितलं की कारकून चक्रावतात, कारण असलं काही आजवर कुणी मागितलेलं नसतं. नमुना टाइप करून घेऊन जा.

सोबत प्रत्येक विषयाचा सिलॅबसही ठेवा. जर्मन प्राध्यापक पदवीच्या नावापेक्षा तुम्ही गणिताचे किती क्रेडिट केलेत ते बघतात.

मुदतीबद्दल. १५ जुलै ही हिवाळी सत्राची सर्वांना ठाऊक असलेली तारीख. ती खूप अभ्यासक्रमांना लागू नाही. कित्येक इंग्रजी मास्टर्सची मुदत मार्च ते मे दरम्यान संपते. त्यात युनि-असिस्ट, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. अर्ज वेळेत भरला पण पैसे पोचले नाहीत, तर फाइल उघडतच नाहीत. काही विद्यापीठं युनि-असिस्टकडून फक्त व्हीपीडी हा तपासणीचा दाखला मागतात आणि अर्ज स्वतःच्या पोर्टलवर घेतात. तिथे ३१ मे ही मुदत असेल, तर ती पोर्टलवरच्या अर्जाची. दाखला यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, ते या मुदतीच्या आधीच धरायचे.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, एसओपी म्हणजे 'हा अभ्यासक्रम का' हे सांगणारा निबंध, सीव्ही, शिफारसपत्रं यांबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. एवढंच सांगते की आयईएलटीएस दोन वर्षंच चालते आणि 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' हे कॉलेजचं पत्र सगळी विद्यापीठं मानत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, भरायच्या आधी तो पुन्हा तपासा. बाबांची एफडी किंवा सातबारा त्याऐवजी चालत नाही. एज्युकेशन लोन घेणार असाल तर शाखेत आधी जाऊन बोला. फॉर्ममध्ये ट्यूशन फीचा रकाना असतो, तुमची फी शून्य, आणि साहेबांना प्रश्न पडतो की मग कर्ज कशाला? राहण्याच्या खर्चाची रक्कम विद्यार्थ्याच्याच परदेशी खात्यात का पाठवायची, हे दूतावासाच्या माहितीपत्रकाची प्रिंट दाखवून समजवावं लागतं. मॅनेजरची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून.

व्हिसाबद्दल एक बदल अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेला नाही. पूर्वी नकार आला तर दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचं. नव्याने अर्ज करताना नकारपत्रात जे कारण दिलंय त्याला उत्तर देणारा कागद लावा. तीच फाइल पुन्हा नेऊन देणारे दर सत्रात भेटतात, आणि त्यांचं सत्र जातं.